सांभाळून घे

सोमवार, ४

साहेबांनी आज सगळ्यांना बोलावून सांगितलं की महिनाअखेरीला जुनं ऑफिस सॉफ्टवेअर बंद. नवं आलंय, ते फुकट आहे आणि म्हणून चांगलं आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुमचं ते बटण तेवढं त्यात चालवून द्या, भाषा तीच आहे. वर बदलाची रोज नोंद ठेवा म्हणाले. त्यांना दाखवण्यासारखं तिथे लिहीन, उरलेलं इथे.

बटण म्हणजे ड्यूटी चार्ट. रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टर लोकांच्या पाळ्या त्यातून निघतात. पूर्वी मी आणि माझं खोडरबर आठवडाभर बसायचो. मग एका उन्हाळ्यात जाडजूड पुस्तक समोर ठेवून मॅक्रो लिहायला शिकलो. मॅक्रो म्हणजे मशीनला लिहून दिलेल्या सूचना, दुसरं काही नाही. बटण दाबलं की मशीन एकेक नाव वाचतं, सुट्ट्या बघतं, रात्रपाळी कुणाला माफ आहे ते बघतं आणि महिन्याचा चार्ट काढून देतं. तेव्हा फार कौतुक झालं होतं. ते करणारे सगळे निवृत्त झाले. माझीही वेळ जवळ आली आहे, आणि आता हे नवीन लचांड.

भाषा तीच म्हणे. आमची ही आणि विहीणबाई एकच भाषा बोलतात. लग्न ठरवताना एकीचं 'बघू' म्हणजे हो होतं आणि दुसरीचं 'बघू' म्हणजे नाही, त्यात अख्खी दुपार गेली होती.

ठकी काल आली. मुलगी लग्न होऊन गेली तरी घरचं नाव काही सुटत नाही. चार दिवस राहीन म्हणाली. तिची बॅग मी वर आणली तर खांदा निखळायची वेळ आली. चार दिवसांना स्वेटर कशाला लागतात देव जाणे.

बुधवार, ६

फाईल नव्यात उघडली. बटण दिसलं. दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. मग एक चौकट आली आणि तीत माझ्या आयुष्यात न वाचलेला शब्द. दिवसभर ती चौकट बंद करत बसलो.

चष्म्याच्या सिस्टर आल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. डॉक्टरांनी रात्रपाळी नको म्हणून सर्टिफिकेट दिलंय, ते त्यांनी कधीच जमा केलंय, तरी चार्टात रात्रपाळीच येते म्हणाल्या. मी सांगितलं, चार्ट मशीन काढतं, मी नाही. मशीनचं काय तुमच्याशी वैर आहे? त्या निघून गेल्या. माझं डोकं आधीच उठलं होतं.

घरी आलो तर ठकीने विचारलं, "बाबा, खिडकी उघडू का?" अगं, उघड की. नंतर म्हणाली, आंघोळीला जाऊ का? जा. पंखा लावू का? लाव. पूर्वी ही पोरगी विचारल्याशिवाय माझी छत्री घेऊन कॉलेजला जायची. आमच्या हिला म्हटलं, सासरी चांगलं वळण लागलं हो. ही पोळ्या लाटत राहिली.

शुक्रवार, ८

सूचनांचा जो तुकडा अडत होता तो तात्पुरता गाळून नव्यात बटण चालवलं. चार्ट निघाला! मी उठून स्वतःसाठी चहा आणला, इतका खूश झालो. वाचत बसायचं सोडून थेट चिकटवून टाकला.

दुपारी बोंब. मोठ्या बाई गायब. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरच्या, त्यांच्याशिवाय तिकडचं पान हलत नाही. चार्टात नाव नाही म्हणजे ड्यूटी नाही, असं म्हणून त्या घरी निघून गेल्या होत्या. साहेबांनी फोन केला तर म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या चार्टाला माझी दया आली, आता मी सिनेमाला आले आहे, मध्यंतरात बोलू.

कारण सापडलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. जुनं सॉफ्टवेअर ओळी मोजतं एकपासून. नवं मोजतं शून्यापासून. मी लिहिलंय, एकपासून सुरू कर. नव्याच्या लेखी एक म्हणजे दुसरी ओळ. पहिली ओळ मोठ्या बाईंची, ती सुटली. म्हणे भाषा तीच!

ठकीला हे सांगितलं तर हसली. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "मी बघू का फाईल? म्हणजे, तुमची हरकत नसेल तर." ठकीनेच तर हे सगळं कॉलेजात शिकून घेतलं होतं, चांगली नोकरीही होती. लग्नानंतर सोडली, जावई म्हणाले गरज काय आहे. लॅपटॉप कुठाय विचारलं, तर म्हणाली त्यांनी दुरुस्तीला टाकलाय. कधी? वर्ष झालं. इतके दिवस कसली दुरुस्ती म्हणायची ही? दुकानदार बुडवायला बसलेत नुसते.

रविवार, १०

सकाळपासून ठकी आणि मी जेवणाच्या टेबलावर. माझा घरचा जुना लॅपटॉप, तिची बोटं. मी एक बोट शोधत टाइप करतो, ती बघत नाहीसुद्धा. एकपासून, शून्यापासून, मी गाळलेला तुकडा, सगळं तिने तासाभरात सरळ केलं. जुन्यात वार रविवारपासून मोजले होते आणि नव्यात सोमवारपासून येत होते, म्हणून सुट्ट्या एकेक दिवस सरकत होत्या, तेही तिनेच पकडलं. मला बरं वाटलं. थकलेल्या माणसाच्या हातातली पिशवी कुणीतरी घ्यावी तसं.

मधूनमधून तिचा फोन वाजतो. ती उठते, टेबलाचा, माझा, भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढते आणि पाठवते. जावयांना कळायला लागतं म्हणाली, ती आत्ता कुठे आहे, कुणाबरोबर आहे ते. एवढं प्रेम आमच्या काळी परवडलं नसतं.

मग तिला माझ्या मॅक्रोच्या डोक्यावरची ती ओळ दिसली. तिचा अर्थ असा की चूक आली तरी थांबू नकोस, पुढच्या ओळीवर जा. शिकलो तेव्हा मशीन पावलोपावली अडायचं आणि साहेब मागे उभे असायचे. पुस्तकात ही ओळ सापडली तेव्हा सुटलो बुवा असं झालं होतं. ओळीशेजारी मी माझ्यासाठी खूण लिहून ठेवली होती. जुन्यात मराठी अक्षरं उमटत नसत म्हणून इंग्रजी अक्षरांत: सांभाळून घे.

ठकी ते कितीतरी वेळ बघत बसली. मग म्हणाली की नव्यात हे एकदा वर लिहून भागत नाही. जुन्यात वरची ओळ खालच्या सगळ्या तुकड्यांना पांघरूण घालते. नव्यात प्रत्येक तुकड्यात वेगळी लिहावी लागेल, नाहीतर चूक आली की ते तिथेच थांबणार.

"मग लिही प्रत्येकात," मी म्हटलं.

"त्यापेक्षा काढून टाकूया ना, बाबा. चूक कुठे आहे ते तरी कळेल."

"कळून काय करायचंय? महिनाअखेर आलीय. चार्ट निघाल्याशी मतलब. लिही तू."

"बरं," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुम्हाला दोनदा फोन केला होता."

कधी, असं मी विचारलं. फोन तर ती दर आठवड्याला करते. ती म्हणाली, जाऊ दे. मीही जाऊ दिलं, चहा उकळून गॅसवर सांडत होता.

मंगळवार, १२

दमलो. लिहिण्यासारखं काही नाही. चौथा दिवस कधीच उलटला, ठकी अजून इथेच आहे. ही म्हणते विचारा. मी म्हटलं तू विचार.

बुधवार, १३

जावयांचा फोन आला. बोलायला माणूस अगदी साखर. बाबा तब्येत कशी, गुडघा कसा, सगळं विचारलं. रविवारी येतो, तिला घेऊन जातो म्हणाले. तिला फोनवर देऊ का म्हटलं, तर नको म्हणाले, तिला तिचा वेळ घेऊ दे, ती जरा हळवी आहे, आईंना आणि तुम्हाला उगाच काहीबाही सांगेल, मनावर घेऊ नका. म्हटलं छे छे, ती काहीच सांगत नाही.

ठकीला सांगितलं रविवारी येतायत. ती भाजी निवडत होती. निवडलेली भाजी आणि देठं तिने परत एकत्र केली आणि म्हणाली, "आई, मी जरा गॅलरीत बसू का?" बराच वेळ बसली. आत येताना म्हणाली, मी आणखी थोडे दिवस राहिले तर चालेल का? ही माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, चालेल गं, पण ते येणार म्हणतायत ना, माणसाला परत पाठवायचं म्हणजे कसं दिसतं. रागबीग धरू नकोस, भांडणं सगळीकडे असतात. ती मान हलवून गेली. मी चुकीचं काय बोललो? तरी जेवण गेलं नाही.

ही म्हणाली, ठकी बाथरूमची कडी लावत नाही, दार नुसतं लोटते. तिच्या खोलीचंही तसंच. विचारलं तर म्हणाली, तिकडे घरात कुठल्याच दाराला कडी नाही, सवय गेली. नवं घर आहे ना त्यांचं, राहिलं असेल काम.

ऑफिसात चष्म्याच्या सिस्टर पुन्हा. पुढच्या महिन्याच्या, जुन्यातूनच काढलेल्या कच्च्या चार्टातही रात्रपाळी. काल रात्री औषधाच्या बाटलीवरचं नाव त्यांना दोनदा दुसऱ्या सिस्टरकडून वाचून घ्यावं लागलं. "मी अर्ज दिला, सर्टिफिकेट दिलं, तुम्हाला येऊन सांगितलं. आता अजून कुणाला सांगू?" आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. मी म्हटलं, एवढा महिना सांभाळून घ्या हो सिस्टर.

शुक्रवार, १५

हे नीट लिहायला हवं.

ठकीने दिलेली फाईल ऑफिसात उघडली, बटण दाबलं. मशीन निम्म्यात थांबलं. एक ओळ पिवळी करून दाखवायला लागलं. साहेब मागेच होते. म्हणाले, हे काय? मी म्हटलं, बघतो. मनात पोरीवर भडकलो. प्रत्येक तुकड्यात ती ओळ लिही म्हणून सांगितलं होतं, बरं म्हणाली होती. शोधली. एकाही तुकड्यात लिहिलेली नाही. वरचीही काढून टाकलेली. आल्यापासून ऐकलं नाही असं हेच एक.

मग बघितलं मशीन कुठे थांबलंय. चष्म्याच्या सिस्टरांच्या नावावर.

रात्रपाळी कधीपर्यंत माफ, त्या रकान्यात त्यांची तारीख मीच भरली होती. मधे तिरप्या रेघांऐवजी टिंबं दिली होती. टिंबं दिली की मशीनला ती तारीख वाटत नाही, नुसती अक्षरं वाटतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्येही हेच होत होतं. फक्त तिथे माझी ओळ होती. चूक आली, पुढे चल. आणि पुढे जाताना मशीनच्या हातात उत्तर कुणाचं? वरच्या नावाचं, तेच राहिलेलं. वर आहेत उंच सिस्टर, त्यांना काही माफी नाही, उलट रात्रपाळी आवडते. त्यांचं 'माफी नाही' हे उत्तर दर महिन्याला चष्म्याच्या सिस्टरांना चिकटत होतं. मी चार्ट चिकटवत होतो, त्याखाली सही करत होतो, आणि बाई येऊन सांगत होत्या तर त्यांना मशीनचं वैर विचारत होतो.

टिंबं काढून रेघा दिल्या. बटण दाबलं. चार्ट निघाला. रात्रपाळी गेली. त्याला लागला एक क्षण. साहेब म्हणाले, वा, चालतंय की, आणि गेले.

मी वर वॉर्डात गेलो. चष्म्याच्या सिस्टर चादरी मोजून घेत होत्या. सगळं सांगितलं, टिंबांसकट. वाटलं, आता बोलतील. त्यांनी चादर खाली ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी खरंच सांगत होते." मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. इतके महिने त्यांना स्वतःबद्दलच शंका यायला लागली असणार. मला तोंड वर करवेना. माफ करा म्हणालो, ते त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

घरी येताना चालत आलो. दोनदा फोन केला होता, असं ठकी म्हणाली होती. कधी, ते मला रस्त्यातच आठवलं.

शनिवार, १६

सकाळी ही दूध तापवत होती. ठकी टेबलाशी. मी समोर बसलो. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ऐन वेळी एक शब्द आठवेना. शेवटी म्हटलं, "ती ओळ तू लिहिलीच नाहीस."

तिचा चेहरा पडला. घाईघाईने म्हणाली, चुकलं माझं, आत्ता लिहून देते, रागावू नका. आणि हात लॅपटॉपकडे. लॅपटॉप उघडलासुद्धा. माझी मुलगी, मला घाबरून. मी आजवर तिला साधी चापट मारलेली नाही.

म्हटलं, लिहू नकोस. बरं केलंस. मग विचारलं, "दोनदा फोन केला होतास, तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"सांभाळून घे म्हणालात. दोन्ही वेळा."

"आणि तू काय सांगितलं होतंस?"

तिने माझ्याकडे बघितलं, खरंच विचारतायत का ते बघत असल्यासारखं. मग सांगायला लागली. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच लिहितो की तिकडच्या दारांना कड्या होत्या. पहिल्याच वर्षी त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक काढून टाकल्या, बाथरूमचीसुद्धा. घरात लपवण्यासारखं काय आहे, म्हणाले. लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला नाही. आणि फोटो वेळेवर गेला नाही तर काय होतं तेही तिने सांगितलं. मी त्याला प्रेम म्हटलं होतं, इथेच, मागच्या पानावर. ते पान फाडावंसं वाटलं. ठेवतो.

दूध उतू गेलं. ही गॅस बंद करून तशीच ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मला कळत होतं हो. मी म्हटलं, तुम्ही विचाराल." मी म्हटलं, मला वाटलं तू विचारशील. एवढी वर्षं आम्ही दोघं असाच संसार करत आलो.

दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली. ठकीच्या खोलीची जुनी गंजून अडकली होती. बसवली. जरा वाकडी बसली, लावताना दार उचलून धरावं लागतं. ठकी दारात उभी राहून बघत होती. एकेक स्क्रू हातात देत होती.

रविवार, १७

जावई आले. हसतमुख, हातात फळं. ठकी आत खोलीत होती, ही तिच्यापाशी. मी दारातच उभा राहिलो. बसा म्हणायचं जिभेवर आलं होतं, सवयीने. गिळलं. दार अर्धंच उघडं ठेवलं.

म्हटलं, ती येणार नाही.

ते हसले. बाबा, लहानसहान गैरसमज असतात, संसार म्हटला की थोडं सांभाळून घ्यावं लागतं, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच समजवा. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला माझाच आवाज ऐकू आला. अगदी तसाच, गोड.

"नाही," मी म्हटलं. "आता इथे थांबायचं. काय चुकलंय ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही."

त्यांचा चेहरा एकदाच बदलला, क्षणभरच. ठकी रोज काय बघत होती ते मला तेवढ्यात दिसलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आत हाक मारली, तिच्या पूर्ण नावाने. पुन्हा मारली. शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या आणि केर काढायला लागल्या, एरवी दुपारच्या वेळी त्या कधी केर काढत नाहीत. वकिलाशी बोलावं लागेल मग, असं काहीतरी म्हणून ते उतरून गेले. म्हटलं बोला, आम्हीही बोलतो. फळांची पिशवी दारातच राहिली. ती मी जिन्यातून खाली धावत जाऊन त्यांच्या हातात दिली. वर येताना गुडघ्याने जीव काढला.

आलो तर ही स्वयंपाकघरात रडत होती आणि रडता रडता भांडी लावत होती. ठकी बाहेर आली होती. तिचा फोन टेबलावर वाजत होता, वाजून वाजून बंद झाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याजवळ आली, मला वाटलं काहीतरी विचारेल. जाऊ का, झोपू का, दार लावू का.

तिने काही विचारलं नाही. खोलीत गेली, दार लोटलं. मग ते थोडं उचललं गेलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

ही हळूच म्हणाली, जेवायला हाक मारू का? मी म्हटलं, राहू दे. तिची ती उघडेल.